शहाण्णवचा ताल

"सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही फरक पडणार नाही," मोरिहिको सुगिउरा वस्तीच्या बैठकीत म्हणाले. "माझा शब्द."

हामामात्सुच्या वाद्यकारखान्यात एकतीस वर्षे तपासणी खात्यात घालवलेल्या माणसाचा तो शब्द होता. पितरांना निरोप द्यायच्या ओबोनच्या नाचाला चाळीस वर्षे ढोल वाजवणाऱ्या ओकुमुरा आजोबांचा उजवा खांदा यंदा निकामी झाला होता. यंदा ताल जमला नाही, तर पुढच्या वर्षीपासून आपला नाच बंद करून पलीकडच्या वस्तीत नाचायला जायचे, असे वस्तीच्या अध्यक्षांनी बजावले होते. मोरिहिकोंचा उपाय सोपा होता. घरचा कॉम्प्युटर ठोका देईल, त्या ठोक्यावर एक यंत्र ढोल वाजवील, दुसरे बासरी. तिन्ही एकमेकांना वायरींनी जोडलेली.

"आणि मी काय करू?" आजोबांनी विचारले.

"तुम्ही आराम करायचा. मानाची खुर्ची ठेवलीय."

"बसायला खांदा लागत नाही, हे खरंय," आजोबा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

महिनाभर मोरिहिकोंच्या घरात मिनिटाला शहाण्णव ठोके घुमत होते. "अहो, भातसुद्धा आता त्याच तालावर चावतेय मी," त्यांच्या पत्नी सनाए म्हणाल्या. यंत्रे मात्र एकदाही चुकली नाहीत.

नाचाच्या संध्याकाळी मैदानाच्या मधोमध उभारलेल्या मचाणावर सगळे मांडून झाल्यावर मोरिहिकोंनी सवयीने शेवटची तपासणी केली. बासरीच्या यंत्राला एक सॉकेट रिकामे होते, कॉम्प्युटरलाही एक, आणि पिशवीत एक वायर उरली होती. रिकामी जागा म्हणजे विसरलेले काम, हा कारखान्यातला त्यांचा धडा. त्यांनी ती वायर जोडून टाकली आणि समाधानाने घाम पुसला.

कॉम्प्युटरने पाठवलेला ठोका दोन्ही यंत्रांतून फिरून त्या वायरीने कॉम्प्युटरकडेच परत आला. कॉम्प्युटर प्रामाणिक; त्याला वाटले, हा नवा ठोका. त्याने तो पुन्हा पुढे पाठवला. एकाचे दोन झाले, दोनाचे चार.

"अहो, जरा जलद नाही का होत?" सनाएंनी खालून विचारले.

मोरिहिकोंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिले. "शहाण्णवच आहे."

पडदा शहाण्णववर होता, तोकिकोबाई नव्हत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या तोकिकोबाई मचाणाभोवती फिरणाऱ्या रांगेत सर्वांत पुढे, त्यामुळे त्यांना थांबता येईना. त्या थांबत नाहीत म्हणून मागच्या साठ जणांना थांबता येईना. विझत्या शेगडीला वारा घालावा तसे हातातले पंखे हलू लागले. कुणाची तरी लाकडी चप्पल उडून कडेच्या गाडीवरच्या नूडल्सच्या तव्यात पडली.

"मोरिहिको, पितरांना निरोप," मचाणाखालून जाताना तोकिकोबाई म्हणाल्या. एक फेरी झाली. "द्यायचाय रे." पुढची फेरी तर लगेचच आली. "हाकलायचं नाहीये!"

अध्यक्षांनी घाम पुसत पलीकडच्या वस्तीच्या दिशेने पाहिले. ते पाहून मोरिहिकोंनी हाताला आली ती वायर उपटली, मग दुसरी, मग सगळ्याच. एकदम शांतता पसरली. साठ माणसे एक पाय उचलून उभी.

तेवढ्यात ढोलावर टिपरी पडली. खुर्ची रिकामी होती. ओकुमुरा आजोबा मचाणावर चढून डाव्या हाताने वाजवत होते, संथ, थोडे अडखळत.

"बघतोस काय? लाव तुझी बासरी," ते म्हणाले.

मोरिहिकोंनी ती शेवटी जोडलेली जादा वायर सोडून बाकीच्या पुन्हा जोडल्या, ढोलाचे यंत्र गप्प केले आणि ते आजोबांच्या प्रत्येक ठोक्याला कॉम्प्युटरची कळ बोटाने दाबत राहिले. आजोबा जवाचा चहा प्यायला रेंगाळले की बासरी रेंगाळे, हुरूप आला की धावे. पडद्यावर कधी अठ्ठ्याऐंशी, कधी एकशे दोन. तासभर रांग मोडली नाही. शेवटी अध्यक्षांनी जाहीर केले, की पुढच्या वर्षीही नाच इथेच.

मोरिहिकोंचे बोट सुजले होते. आजोबांनी टिपरी खाली ठेवली आणि मायेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"छान जुळलं सगळं," ते म्हणाले. "तू तेवढा जरा मागे पडत होतास."