पुढे जाऊ का?

"आबा, व्हय नाही. हो. नुसतं हो म्हणा."

"व्हय."

यंत्र : उत्तर समजले नाही. कृपया पुन्हा सांगा.

औंढ्यातल्या कोंडाजींच्या शेताच्या कडेला सकाळपासून हेच चालले होते. रुचिरने तळेगावात बसून बनवलेले यंत्र ट्रेमधले औषधी काळमेघाचे रोप उचलून सरीत लावायचे. कप्पा रिकामा दिसला, वाटेत दगड आला, की विचारायचे. आणि ऐकायचे फक्त मालकाचे. कुणीही येऊन हुकूम सोडू नये म्हणून रुचिरने तशी सोय केली होती. यंत्राला आवाज दिला होता त्याच्या मावशीने, पद्मजाताईंनी. त्या शाळेत मराठी शिकवत. त्यामुळे 'व्हय' तिथे चालत नव्हते.

"हो," कोंडाजी शेवटी म्हणाले. दमून.

यंत्र : समजले. काम सुरू.

कोंडाजींच्या बायकोने, शालूबाईंनी, आधीच यंत्राला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार बांधला होता. सुतळीने, करकचून, नेमका बंद करायच्या बटणावरून. गाठ म्हशीला बांधतात तसली. "चालताना पडंल न्हाईतर," त्या म्हणाल्या. रुचिरला वाद घालायचे त्राण नव्हते.

बांधापलीकडे राजेंद्रचे रान होते. राजेंद्र कोंडाजींचा चुलतभाऊ. बांध कोणी कोरला यावरून दोघांनी वडगावच्या कोर्टात इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी दोघेही कंटाळले, आणि एकमेकांच्या रानात पाय टाकायचा नाही एवढ्यावर मिटवले. टाकला तर पुन्हा वडगाव. कोंडाजींना एक वेळ मरण चालले असते, वडगाव नको होते.

यंत्र सरीच्या टोकाला आले. हळू झाले.

यंत्र : समोर उंचवटा आहे. पुढे जाऊ का?

ते थांबेना असे पाहून कोंडाजी घाबरले. जन्मभर बैल हाकलेला माणूस. जोडी बांधाकडे वळली की तोंडातून जे निघायचे तेच निघाले.

"हो! हो! हो-हो-हो!"

यंत्र : समजले. वेग वाढवत आहे.

आणि ते बैलाच्याच चालीने डुलत, हारासकट, बांधावर चढून

पलीकडे उतरले. उतरल्या उतरल्या त्याने राजेंद्रच्या रानात पहिले रोप लावले.

"आबा, हो म्हणू नका!"

"मी कुटं हो म्हणलो? थांब म्हणतोय त्याला!"

"आवं, त्ये बैलाचं हो!" शालूबाई ओरडल्या. "ह्याला न्हाई म्हणा, न्हाई!"

"न्हाई!"

यंत्र : उत्तर समजले नाही. आधीच्या उत्तराप्रमाणे काम सुरू. पुढे जाऊ का?

"आधीच्या उत्तराप्रमाणं? आसं कुणी शिकवलं ह्याला?" कोंडाजी म्हणाले.

रुचिरनेच शिकवले होते, विनाकारण काम अडू नये म्हणून. तो यंत्राच्या बरोबरीने चालत नखांनी गाठ सोडवत होता. "नाही, आबा," तो पुटपुटत होता. "ना. ही."

"न्हा. ही."

यंत्र : उत्तर समजले नाही.

गोठ्याकडून राजेंद्र छत्री घेऊन आला. धावत नाही, धावण्याइतका राग त्याच्यातही उरला नव्हता.

"कोंडाजीराव," तो म्हणाला. कोर्टापासून त्याने 'भाऊ' म्हणणे सोडले होते. "माज्या रानात काय लावताय?"

"मी न्हाई लावत. त्येच लावतंय."

"मग बांध बी त्येनंच कोरला आसंल! आज सांगूनच टाका. तुमी बांध कोरला का?"

कोंडाजी ताठ झाले. दोन्ही हात अंगाला चिकटले. वकिलाने या एका प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडून इतके घोकून घेतले होते की ते झोपेतही शुद्ध यायचे.

"नाही."

यंत्र : समजले. काम थांबवले.

यंत्राचा हात रोप धरून तसाच राहिला. रुचिर मटकन खाली बसला. मग सगळेच बांधावर बसले. हा बांध कोणाचा, हे कोणी विचारले नाही.

"उपटून देऊ का, भावजी?" शालूबाईंनी विचारले.

"ऱ्हाऊ द्या, वयनी. आता कोण वाकतंय." राजेंद्र रोपांच्या ओळीकडे पाहत राहिला. "वळ मातूर सरळ हाये. आपल्या बांधापरास सरळ. हाये काय हे?"

"काळमेघ," कोंडाजी म्हणाले. "लय कडू."

"मग हितंच बरं."

"हात जोडतो, आबा," रुचिर म्हणाला. "गाठ सुटेपर्यंत तेवढं हो म्हणू नका. कशालाच."

राजेंद्रने छत्री मिटली. खाली बघत म्हणाला, "च्या घेणार का, भाऊ?"

कोंडाजींनी तोंड उघडले. यंत्राचा हिरवा दिवा मिणमिणत होता. शालूबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"व्हय," कोंडाजी म्हणाले.

यंत्र : उत्तर समजले नाही. कृपया पुन्हा सांगा.

"मला कळलं," राजेंद्र म्हणाला.