एकविसाव्या गाण्याच्या दोन चिठ्ठ्यांची हकीकत

श्रीशारदेचे स्मरण करून आणि ऐकणाऱ्यांस दंडवत घालून हकीकत मांडितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक मास. पूर्वसमुद्रात, जिकडे सूर्य आधी उगवतो तिकडे, एक दौलत होती आणि तिच्यावर राज्य दोघींचे होते, थोरल्या फुमिनोबाई आणि धाकट्या कोतोएबाई. फौज नाही, तोफखाना नाही. गाणे आणि नाचणे एवढ्यावर मुलूख राखिला. रयत दरबारास येताना हाती दिवे घेऊन येई, फुमिनोबाईंची माणसे तांबडे आणि कोतोएबाईंची निळे. दोघींस गादीवर वीस वर्षे पुरी जाहली, म्हणून कारभारी कुराताजी यांनी मनसुबा केला की इतक्या वर्षांची निवडक गाणी एका तबकडीत एकत्र करून रयतेस द्यावी. मग रयतेची पत्रे मागविली, टोपल्यांच्या टोपल्या आल्या, आणि त्यांतून वीस गाणी ठरली. राहिले एकविसावे.

एकविसाव्याचा शिरस्ता निराळा. दर पाच वर्षांनी ऐसे एक गाणे रयतेने निवडायचे नाही, गादीवरच्या खाशांनी निवडायचे. दोघींनी वेगळ्या दालनांत बसून एकेका चिठ्ठीवर गाण्याचे नाव लिहावे आणि चिठ्ठ्या भरदरबारी फोडाव्या. नाव एकच निघाले तर जोडी पुढे चालावी; दोन निघाली तर मने दोन जाहली ऐसे समजून महिन्याभरात गादी मोडावी. यांच्या आधी गादीवरच्या दोन जोड्या ऐशाच मोडल्या होत्या. या दोघींचे नाव पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षी एकच निघाले आणि रयत म्हणे, दैवी जोडी आहे. दैव कसले! फुमिनोबाई आदले दिवशी नाव सांगत आणि कोतोएबाई तेच लिहीत. हे कुराताजींस ठाऊक होते, आणि म्हणूनच ते निर्धास्त असत.

या वर्षी मात्र दोघींचे बोलणे बंद. तालमीत कोतोएबाई म्हणाल्या, "ही चाल मला जरा संथ हवी," आणि फुमिनोबाई मान न वळविता म्हणाल्या, "नंतर बघू." एवढेच जाहले. कोतोएबाईंनी गळपट्टा गुंडाळला आणि निघून गेल्या, त्यास चाळीस दिवस होऊन गेले. मंचावर हातात हात धरून हसत आणि पडदा पडताच दोन दारांनी बाहेर पडत. कुराताजींस अन्न गोड लागेना. मग ते थोरल्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, "बाईसाहेब, धाकट्या बाईंस नाव कळवून ठेवावे." फुमिनोबाई म्हणाल्या, "कळवायचं काय त्यात? 'लाल छत्री'. तिला कळेलच." "आणि न कळले तर?" "वीस वर्षं कळतंय, आताच काय झालं?" ऐसे बोलल्या खऱ्या, परंतु तेवढ्यात पायातल्या बुटाची नाडी तीन वेळा सोडली आणि तीन वेळा बांधिली. मग कुराताजी धाकटीकडे गेले. त्या घशास वाफ घेत होत्या. "थोरल्या बाईसाहेबांच्या मनात—" इतके बोलतात तो कोतोएबाईंनी हात आडवा केला. "थांबा काका. ते नाव माझ्या कानावर घालू नका." "मग लिहिणार काय?" "ते लिहीपर्यंत मलाही सांगता यायचं नाही." "मुलूख बुडेल हो!" "ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?" कुराताजी उठले ते चपला तिथेच विसरून गेले.

मग दरबाराचा दिवस उगवला आणि रयत लोटली, परंतु कोणी मोठ्याने बोलेना. कुराताजींनी पहिली चिठ्ठी फोडली आणि वाचली, लाल छत्री. तांबडे दिवे हालले. मग दुसरी फोडली, मनात वाचली आणि पुन्हा घडी घातली. रयतेतून आवाज आला, "वाचा की! चष्मा घरी राहिला काय?" तेव्हा वाचली, हिवाळ्यातली खिडकी. एक निळ्या दिव्याची म्हातारी मटकन खाली बसली आणि म्हणाली, "मोडली ग बाई आमची गादी." फुमिनोबाईंचा चेहरा उतरला. "कोतोए, यात माझ्या दोनच ओळी आहेत." "हो." "तुला आवडतं हे?" "पहिल्यापासून." "मग कधी बोलली का नाहीस?" "तू कधी विचारलंस?" कोतोएबाईंनी माईक तोंडाशी धरिला आणि शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मला गादी मोडायची नाही ग. पण तुझी चिठ्ठी आता माझ्या हातून लिहून होत नाही."

कुराताजी पुढे होऊन म्हणाले, "शिरस्त्याप्रमाणे—" आणि फुमिनोबाईंनी त्यांस अडविले. "शिरस्ता पाचव्या वर्षीच मोडला, काका." मग रयतेकडे वळून म्हणाल्या, "मागच्या तिन्ही वेळा दोन्ही चिठ्ठ्या माझ्याच होत्या. आज पहिल्यांदा दोन निघाल्या." रयतेत गलका जाहला, कोणी छी थू केली, कोणी दिवा टाकून चालू लागला. तशात फुमिनोबाई वादकांस म्हणाल्या, "खिडकी वाजवा," आणि गाणे सुरू जाहले. कोतोएबाई गात होत्या, परंतु नजर थोरलीच्या ओठांवर. कारण वीस वर्षांत त्यांनी दम घेतला की फुमिनोबाईंनी ओळ उचलावी हीच रीत. आणि उंच जागी कोतोएबाईंचा आवाज अडकला. फुमिनोबाईंचे तोंड उघडले. साऱ्या दरबाराने पाहिले. मग त्यांनी तोंड मिटले आणि दोन्ही हात पाठीशी धरून उभ्या राहिल्या. वाद्ये वाजत होती आणि ओळ रिकामी चालली होती. कोतोएबाईंनी दम घेतला आणि पुन्हा चढल्या, एकट्या, आणि पोहोचल्या. पुढे फुमिनोबाईंच्या दोन ओळी आल्या. त्यांनी दोनच गाइल्या.

एकूण हकीकत इतकी. तबकडीत एकविसावे गाणे त्या दिवशीचेच घातले, आणि आवाज अडकला ती जागा कापू नये ऐसा थोरल्या बाईंचा हुकूम जाहला. शिरस्ताच खोटा ठरला, तेव्हा गादी मोडावयाचे कारण उरले नाही; ती चालू आहे. चिठ्ठ्यांचा शिरस्ता बंद केला. दोघीही हल्ली पहिल्यापेक्षा अधिक धास्तावलेल्या असतात, कारण आता प्रत्येक गाण्यास एकमेकींस विचारावे लागते आणि उत्तर काय येईल ते आधी ठाऊक नसते.