फय्यूमच्या म्हशी गेल्या कुठे?

इजिप्तमधल्या फय्यूम जिल्ह्यात घरटी सरासरी शून्य म्हशी आहेत, असं संगणकाने जाहीर केलं, तेव्हा पशुधन कार्यालयाच्या खिडकीखाली एक म्हैस उभी राहून शुक्रीकडेच बघत होती. शुक्रीने एकदा म्हशीकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलत होतं आणि म्हशीवर तसा आळ घेणं त्याच्या जिवावर आलं.

कालपरवापर्यंत शुक्री पेंडीच्या गोदामात पोती रचत असे. आकडेमोडीचं ते सॉफ्टवेअर म्हणजे आपल्या हातचा मळ, अशी थाप मारून तो या खुर्चीवर हंगामी म्हणून चिकटला होता. खरं तर त्याने त्या सॉफ्टवेअरचं एकच शिबिर केलं होतं आणि त्यातही अर्धा वेळ वीज नव्हती. होणारे सासरे हाज उवैस यांनी साफ सांगून टाकलं होतं की नोकरी कायम झाली तरच लग्न; पेंडीचा वास मारणारा जावई त्यांना नको होता. आणि आज दुपारी कैरोहून मोठे साहेब म्हशींचे आकडे बघायला येणार होते.

शिबिरात सांगितलेलं सगळं त्याने करून पाहिलं. तक्ता बंद करून पुन्हा उघडला, वरची मथळ्याची ओळ तपासली, जोडलेल्या चौकटी सुट्या केल्या, फाइल पुन्हा आत ओढली. म्हशी शून्यच. शेवटी त्याने मूळ तक्ता डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि उठून तडक इन्शिराहबाईंच्या टेबलाशी गेला. सगळे आकडे त्यांनी टाइप केले होते.

"मादाम, म्हशींच्या रकान्यात हे काय लिहिलंय? 'चार माशाअल्लाह', 'सात माशाअल्लाह'?"

"मग काय नुसतं चार लिहू?" बाई विणकाम न थांबवता म्हणाल्या. "लोकांची भरली दावण उघड्यावर मोजायची आणि दृष्ट लागली की माझ्या नावाने बोटं मोडायची?"

"पण काही ठिकाणी नुसतं शून्य आहे."

"अरे पोरा, शून्याला कोण कशाला दृष्ट लावेल?"

शुक्रीच्या डोक्यात प्रकाश पडला. आकड्यापुढे अक्षरं दिसली की सॉफ्टवेअर ती चौकट रिकामी धरत होतं. म्हणजे ज्यांच्याकडे म्हशी होत्या ते सगळे बाद, आणि उरले फक्त बिनम्हशीचे. त्यांची सरासरी त्या बिचाऱ्याने अगदी अचूक काढली होती.

उपाय सोपा होता. सगळे माशाअल्लाह एका झटक्यात पुसायचे. पण ही बातमी कार्यालयात पसरली आणि जो तो शुक्रीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. कोणाच्या भावाच्या म्हशी त्यात होत्या, कोणाच्या मावशीच्या. आमच्या ओळीला हात लावू नकोस, बाकीच्यांचं बघून घे, असं प्रत्येकाने कानात सांगितलं. हाज उवैस यांच्या सात म्हशीही त्यातच होत्या. शुक्रीने कळफलकावरचं बोट मागे घेतलं.

गर्दी बघून रऊफसाहेब केबिनमधून आले. ते संचालक होते, शिकायला परदेशात जाऊन आलेले आणि ते विसरू न देणारे. "या अडाणीपणापायी माझी अब्रू घालवणार तुम्ही," असं म्हणत त्यांनी स्वतः कळ दाबली, फाइल साठवली आणि बंदही केली. सरासरी झकास आली. साहेबांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

इतक्यात शुक्रीचा फोन वाजला. हाज उवैस होते. त्यांची सगळ्यात दुभती म्हैस धडधाकट चालता चालता कालव्यात पडली होती आणि काही केल्या बाहेर येत नव्हती. शुक्रीने ते सगळ्यांना ऐकवलं.

"मूळ फाइलची प्रत असेल ना ठेवलेली?" कोणीतरी विचारलं.

ठेवलेली नव्हती. प्रत ठेवायला शिकवलं, तेव्हाच वीज गेली होती.

जिल्हाभरच्या म्हशी उघड्या पडल्या होत्या. पुन्हा माशाअल्लाह लिहावं तर सरासरी जाणार, न लिहावं तर सासरा जाणार. शुक्रीने घाम पुसला आणि सॉफ्टवेअरमध्ये रकान्याचं नाव लिहायच्या जागी टाइप केलं: 'म्हशींची संख्या, माशाअल्लाह'.

"सगळ्या जिल्ह्याला मिळून एकच?" इन्शिराहबाईंनी संशयाने विचारलं.

"सगळ्या म्हशी याच रकान्यात आहेत, मादाम. बाहेर एकही नाही."

बाईंना ते पटलं. थोड्या वेळाने हाज उवैस यांचा पुन्हा फोन आला की म्हैस आपली आपण वर आली आणि आता बरसीमचा हिरवा चारा खातेय. रऊफसाहेब योगायोग, योगायोग असं पुटपुटत केबिनमध्ये गेले, पण दार त्यांनी उघडंच ठेवलं.

कैरोचे साहेब आकड्यांवर बेहद्द खूश झाले. बाकी सगळ्या जिल्ह्यांनी शून्य म्हशी कळवल्या होत्या आणि म्हशींत साथ आल्याचा राजधानीत गवगवा चालला होता. "हे काम करणारी अशी किती माणसं आहेत तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. त्यांची लेखनिक बाई मांडीवर संगणक घेऊन सज्ज झाल्या.

"एक," रऊफसाहेब म्हणाले. मग त्यांना कालवा आठवला, शुक्रीचा पांढराफटक चेहरा दिसला, आणि ते हळूच म्हणाले, "माशाअल्लाह."

लेखनिक बाईंनी मान डोलावली आणि दोन्ही टाइप केलं.

पुढच्याच आठवड्यात कैरोहून फोन आला. आकडेमोड जाणणारी माणसं फय्यूममध्ये शून्य आहेत असं तिथल्या संगणकाला आढळलं होतं, आणि ही नामुष्की दूर करण्यासाठी एक कायम पद ताबडतोब मंजूर झालं होतं. कोणी लायक माणूस मिळेल का, असं तिकडून काळजीने विचारत होते. रऊफसाहेबांनी शुक्रीकडे पाहिलं. शोधून बघतो, असं त्यांना सांगून साहेबांनी फोन ठेवला, आणि त्याच संध्याकाळी शुक्री कपड्यांना अत्तर लावून हाज उवैस यांच्या दारात उभा राहिला.