कानासाठी आणलेला पाय

"तोफ डागताना तोंड उघडं ठेवायचं, कानात बोटं घालायची, आणि नंतर कशाचीही कुरकूर करायची नाही," असं तोफखान्याच्या उस्तादांनी भरतीच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. एबो क्वान्सांनी त्यातलं शेवटचं तेवढं काटेकोर पाळलं. कानात बोटं घालायला त्यांना कधी जमलंच नाही. दोन्ही हात तोफगोळ्यात गुंतलेले असत.

सार्जंट म्हणून निवृत्त होऊन ते केप कोस्ट बंदराजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा कानांनी जवळजवळ रजा घेतली होती. घरात त्याची फारशी अडचण नव्हती. त्यांची पत्नी अराबा चर्चच्या गायनमंडळात पुढे उभी राहणारी. पहाटेची प्रार्थना झाली की ती नवऱ्याला हाक मारी आणि सगळा कोळीवाडा उठे. घरात गुपित म्हणून काही उरलं नव्हतं, पण देवापासून तरी काय लपतं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

अडचण झाली ती थोरल्या एकुआच्या लग्नात. तिकडच्या रीतीने वरपक्षाने मद्याच्या बाटल्या आणून मांडल्या, आणि बापाने मुलीला सगळ्यांदेखत तीनदा विचारायचं, या स्वीकारू का? ती हो म्हणाली की लग्न पक्कं. एकुआ लाजून पुटपुटली. एबोंनी तीनदा विचारलं, मग चौथ्यांदा, मग विचारतच राहिले. मुलीच्या मनात नाही असं समजून वराची आत्या बाटल्या परत टोपलीत भरू लागली. शेवटी एकुआ "हो" म्हणून अशी किंचाळली की गल्लीतली पोरं अजून तिची नक्कल करतात.

आता धाकट्या अबाचं ठरलं होतं. या वेळी काकांनी विचारायचं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. कुणी ओरडून सांगितलं नाही, त्यावरूनच एबोंना ते कळलं. त्यांनी अबाला बाजूला बोलावलं.

"तुझा होकार मी माझ्या कानांनी ऐकणार. शब्द दिला."

अबाने त्यांचा हात नुसता दाबला.

छावणीच्या दवाखान्यात माजी सैनिकांना कानाचं यंत्र मिळतं, असं एबोंच्या कानावर आलं होतं, म्हणजे अराबाने घातलं होतं. ते आपल्या जुन्या दोस्ताकडे, माजी कॉर्पोरल बेन्टसिलकडे गेले. सवलतींच्या बाबतीत गावात बेन्टसिलचा शब्द शेवटचा.

"कान म्हणजे जखम नव्हे, सार्जंट," बेन्टसिल म्हणाला. "रक्त कुठंय त्यात? पाय चालतो. पायावर आत शिरायचं आणि मग हळूच कान पुढे करायचा."

हा गुप्त बेत त्याला केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उंडे, विकणारीच्या टपरीसमोर ओरडून सांगावा लागला. केंकीवालीने पायाच्या पट्टीला जुनं फडकं दिलं. कुबडी बेन्टसिलने स्वतःचीच दिली.

दवाखान्यात सिस्टर डेडेने काय झालं म्हणून विचारलं. ऐकू आलं नाही की हसून मान हलवायची, ही एबोंची जुनी सवय. बाकीचं बेन्टसिलने सांगितलं. लेबनॉनची शांतिसेना आली, रात्रीची गस्त आली, आणि बोलण्याच्या ओघात एक गोळीही आली. ती अजून आतच आहे का, असं सिस्टरने विचारताच एबोंनी फार प्रेमाने मान हलवली.

मग चाकाची खुर्ची आली. पायावरचे केस काढले, अंगात हिरवा झगा चढवला. एबो समाधानात होते. सैन्यात सगळी तपासणी बुटांपासून सुरू होते, कानापर्यंत यायला वेळ लागायचाच. फोटोत गोळी दिसेना, तेव्हा ती वर सरकली असावी म्हणून डॉक्टरांनी मांडीचा फोटो काढायला लावला, मग कमरेचा. बेन्टसिल घाम पुसत, भिंतीला धरून खुर्चीमागे लंगडत होता.

तेवढ्यात एबोंच्या पाठीमागे कुणाच्या तरी हातून हत्यारांचा स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. रांगेतले सगळे दचकले, डॉक्टरसुद्धा. एबो छताकडे पाहत स्तोत्र गुणगुणत राहिले.

सिस्टर डेडे त्यांच्या कानाशी वाकली. "नाना, कुठल्या पलटणीत होता?"

"तोफखाना," एबो छाती काढून म्हणाले.

"मग कानासाठी पाय कशाला घेऊन आलात?"

हे सगळ्या वॉर्डाने ऐकलं. बेन्टसिलने सगळं कबूल केलं. सिस्टरने तिथल्या तिथे, घसा बसेपर्यंत समजावलं, की तोफखान्यातल्या माणसाचे कान ही नोकरीतलीच जखम धरतात. समोरच्या इमारतीत जाऊन नुसतं बसायचं. निवृत्तीच्या दिवसापासून हा त्यांचा हक्क होता. तिथला बाक बहुतेक रिकामा असतो, कारण येणारा प्रत्येक म्हातारा काहीतरी दुसरंच घेऊन येतो.

"मला वाटलं, ज्यांचं काही गेलंय त्यांच्यासाठीच असतं ते," एबो हळूच म्हणाले.

"तुमचं गेलंय की, नाना. घरच्या बाईंना विचारा."

मग तिचं लक्ष कुबडीकडे गेलं. ही कुणाची? बेन्टसिलने ओशाळून हात वर केला. त्याचा गुडघा रताळ्यासारखा सुजला होता, आणि या फाटकाच्या आत तो आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. सवलतींचं सगळं ज्ञान त्याला फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली मिळालं होतं. एबो खुर्चीतून उठले, त्यांनी झगा काढला आणि खुर्ची व झगा दोन्ही दोस्ताच्या हवाली केले.

समोरच्या इमारतीतून एबो कानात यंत्र घालूनच घरी परतले. त्या संध्याकाळी अराबाने जेवायला हाक मारली, तेव्हा एबोंनी कानावर हात ठेवून तिला हळू बोलायला सांगितलं. एवढ्या वर्षांत हळू कसं बोलायचं हेच ती विसरली होती. प्रभूचे आभार तेवढे तिने कुजबुजून मानले, आणि तेही त्यांना ऐकू गेले.

लग्नाच्या दिवशी बाटल्या मांडल्या गेल्या. काका घसा खाकरून उठले. एबोंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत खुर्चीत बसवलं. समोर अबा मान खाली घालून उभी होती. बापाचा शब्द खरा व्हावा म्हणून, वाऱ्याची झुळूकही वाहून नेईल इतक्या हलक्या आवाजात उत्तर द्यायचं, असं तिने मुद्दाम ठरवलं होतं. एबोंनी खांद्यावरचं कापड सारखं केलं आणि पहिल्यांदा विचारायला ते तिच्याकडे चालू लागले.