ओढ्यापलीकडचा परदेश

"अंगठा देनार न्हाई," सरवरी म्हणाली आणि तिनं हातातलं लुगडं पुन्हा रंगाच्या हंड्यात दाबलं.

अंगठा तसा तयारच होता. कोपरापर्यंत हात जांभळे झाले होते, शाईची डबी उघडायचीही गरज नव्हती. पण बाई ऐकेल तर ना! समोर बाजेवर काकासाहेब मांडीवर कागद घेऊन बसले होते. खर्डा गावात कुणाला सरकारशी बोलायचं असलं, की काकासाहेबांच्या लेखणीतून बोलावं लागे.

सरवरी खर्ड्यात येऊन उणंपुरं वर्ष झालं होतं. ओढ्यापलीकडं, निजामाच्या मुलखात, तिचं गाव. नवरा गेल्यावर रंगाचे हंडे बैलगाडीत घालून ती अलीकडं, इंग्रजी मुलखात आली, ती बाजाराच्या आशेनं. जर्मनच्या लढाईमुळं नवं कापड दिसेनासं झालं होतं. विटलेलं लुगडं सरवरीच्या हंड्यात बुडालं, की माहेरी मिरवायला नेण्याजोगं होऊन निघे. दुकान चाललं, आणि दुकान चाललं म्हणून नगरहून आयकराचा कागद आला. तिच्या जन्मातला पहिला.

"दुकानाचं एकटं धरलं, तर तुम्ही कराच्या अलीकडं राहताय, सरवरीबी," काकासाहेब समजावत होते. "आमराईची कमाई त्यात मिळवली की पलीकडं जाताय."

"मग नका मिळवू."

"मिळवावी लागते. तुम्ही आता इथल्या झालात. इथं राहणाऱ्यानं परदेशातली कमाईसुद्धा दाखवायची असते."

"कुठला परदेस?"

काकासाहेबांनी लेखणी खिडकीबाहेर रोखली. खाली ओढा होता आणि ओढ्याच्या पलीकडच्या काठावर सरवरीच्या बापानं कावडीनं पाणी घालून वाढवलेली आमराई.

"त्यो?" सरवरीनं लुगडं सोडलंच. "आवं, हितनं हाक मारली तर तिथलं कुत्रं शेपूट हलवतं!"

"कुत्र्याला कायदा लागू नाही."

"आन् ह्या अल्याडच्या गहिनीनाथाला? त्याचीबी आमराईच हाय की."

"त्याची शेती आहे. शेतीला हा कर नाही."

"मग माझी काय कापडाची गिरन हाय?"

"तुमचीही शेतीच. पण सूट आहे ती इंग्रज सरकारच्या मुलखातल्या शेतीला. तुमची निजामाकडं."

"निजामाला सारा भरतीया की मी!"

"तो त्याचा. हा ह्यांचा." काकासाहेबांनी कागद पुढं सरकवला. "ह्या रकान्यात लिहू का, परदेशातलं उत्पन्न?"

सरवरीला पैशाचं दुःख होतंच. एकाच आंब्यावर दोन सरकारांची भूक भागवायची, तर आमराई विकावी लागली असती. पण त्याहून जास्त तिला तो शब्द टोचत होता. त्या झाडांखाली ती रांगली होती. शेप्या, शेंद्र्या, खोबऱ्या अशी झाडांची नावं तिला भावंडांच्या आधी पाठ झाली होती. ती परकी?

"माझा बाप तिथं मातीत निजलाय," ती म्हणाली. "त्याला परदेसी म्हनून मी अंगठा उठवू? दुकान जप्त करा म्हनावं. न्हाई देनार."

काकासाहेबांनी तसं नगरला कळवलं. दुसऱ्या पहाटेपासून शेजारणींना सरवरीच्या जात्यावर नवी ओवी ऐकू येऊ लागली:

बाप्पाजींनी लावला आंबा पल्याडच्या रानी
त्याची साउली ओलांडी दोन राजांचं गं पानी.

आंबे पाडाला लागले आणि आयकराचे साहेब आले. नगरहून मोटारीच्या टपावर स्वतःची सायकल घालून आले होते. सायकल कोरी करकरीत. घंटी अशी झळके, की तिच्यात गावाचं तोंड दिसावं.

"बाई, तुमची तक्रार मी वाचली," साहेब म्हणाले. "कायद्यापुढं इलाज नाही. परदेश तो परदेश. मी स्वतः झाडं बघतो, उत्पन्नाचा अंदाज काढतो."

"चला की. पन आदी सायकलीला चिखल फासा."

"काय?"

"चिखल. ह्यो हाय माज्या मोरीतला, जांभळा हाय, पन चालंल."

साहेबांनी काकासाहेबांकडं पाहिलं. काकासाहेब खाकरले. "तशी इथली रीतच आहे, साहेब. पलीकडं निजामाचा जकातनाका आहे. नवी वस्तू दिसली की माल. मळकी दिसली की अंगावरची, तिला जकात नाही. आमच्याकडच्या नवऱ्या मुलाच्या चपलासुद्धा चिखल लावूनच ओढा उतरतात."

"मी सरकारी माणूस आहे!"

"कुठल्या सरकारचा?" सरवरीनं भोळेपणानं विचारलं.

साहेबांनी घंटी वाजवली.

ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं, तिघंही उतरले. साहेबांनी सायकल उचलून पलीकडं ठेवली, रुमालानं चाक पुसलं, आणि लिंबाखालून नाक्याचा जमादार पीरमहंमद उठला.

"कुठनं आलाव?"

"नगरहून."

"म्हंजी परमुलखातनं. ह्यो माल?"

"माल कसला? माझी सायकल आहे."

"नवी दिसतीया. छत्रीबी नवी. जकात भरा."

साहेबांनी रागारागानं पाकीट काढलं. पीरमहंमदनं नोट उजेडात धरली आणि अदबीनं परत केली. "ह्ये बाहेरचं नानं. हितं निजामाचा हाली शिक्का लागतो."

"तो मी कुठून आणू?"

"मग सायकल ऱ्हाईल नाक्यात. लई जपून ठिवू."

साहेबांचा चेहरा शेंद्र्या आंब्यासारखा झाला. "अहो, तो बघा खर्डा! ह्या बाईच्या दोरीवरची लुगडी इथून मोजता येतात! एक ओढा तर ओलांडला! ओढा ओलांडला म्हणून लगेच परदेश होतो होय?"

ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबले. काकासाहेब आपल्या चपलांकडं बघू लागले.

"सायेब," सरवरी हळूच म्हणाली, "परत येकदा म्हना. काकासायबांस्नी उतरून घ्यायचंय."

साहेबांनी पाकीट खिशात घातलं.

सरवरीनं पदराची गाठ सोडली. कैऱ्या विकून आलेले हाली रुपये तिनं पीरमहंमदच्या हातावर ठेवले. "सोड सायकल. सायेब, ही माझी परदेसी कमाई हाय बरं. तुमच्या कागदात दाखवावी लागंल तुमाला."

शेप्याच्या सावलीत बाज टाकली होती. साहेब आधी नको म्हणाले, मग एक आंबा खाल्ला, मग मोजले नाहीत. शेप्याची अर्धी फांदी ओढ्यावर वाकली होती. तेवढ्यात एक आंबा सुटला आणि पाण्याच्या मधोमध पडला.

"ह्यो कुठल्या राजाचा?" सरवरीनं विचारलं.

साहेबांनी रुमाल काढला. रस कोपरापर्यंत ओघळला होता.

काकासाहेबांनी कागद उलगडला. "आमराई कुठं आहे म्हणून लिहू, साहेब?"

"ओढ्याच्या काठी."

"कुठल्या काठी?"

"ओढ्याच्या काठी म्हटलं ना मी? तेवढंच लिहा. आणि शेतीत धरा."

काकासाहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं, पुन्हा वाचून दाखवलं. परदेशाचा रकाना कोरा होता. सरवरीनं पुढं होऊन त्याखाली अंगठा उठवला. ठसा जांभळा उमटला, शाईची डबी पिशवीतच राहिली.

पुढल्या वर्षी आंबे पाडाला लागले तेव्हा सरवरी दोरीवर लुगडी वाळत घालत होती. ओढ्याच्या बाजूनं ओळखीची घंटी वाजली, पण जरा घसा बसल्यासारखी. तिनं लुगडं बाजूला सारून पाहिलं. साहेब पाहणीला आले होते. सायकलीला घंटीपासून मागच्या चाकापर्यंत चिखल फासलेला होता, आणि छत्रीला राख.

लिंबाखालून पीरमहंमदनं मान वर केली, सायकल न्याहाळली आणि हात हलवला.

"जा. जुनी दिसतीया."