उलट नाही, उलटी नाही

"आमच्याकडे खाली एकोणीस वाघिणी आहेत. या ना एकदा बघायला!" आमच्या कोपऱ्यावरच्या घरातले वानखेडे काका पहिल्याच भेटीत माझ्या बायकोला म्हणाले. तेही पिस्कॅटवेच्या इंडियन ग्रोसरीत, मेथीच्या जुड्या निवडताना. सीमा मेथी तिथेच टाकून घरी आली आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यावरच्या घरात एकट्याने जायचं नाही हं."

वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, हे मी तिला समजावलं. काकांसमोर मात्र तिला डबा म्हणायची सोय नव्हती; ते लगेच म्हणायचे, "माणसं बसतात तो डबा, माल बसतो ती वाघीण. बैलाला कुणी गाय म्हणते का बाप्पा?"

काका मूळचे नागपूरचे. लग्नानंतर चार वर्षं इंग्लंडमध्ये रेल्वेचे नकाशे काढत होते. मग इथे अमेरिकेत आले आणि जन्मभर हायवेचे पूल बांधले, पण जीव राहिला तो रुळांवरच. लोकांच्या बेसमेंटमध्ये जुना सोफा आणि तांदळाच्या पिशव्या असतात. काकांच्या बेसमेंटमध्ये इंग्लंड आहे. टेबलभर खेळण्यातली रेल्वे: हिरव्या टेकड्या, दोन स्टेशनं, फलाटावर छत्र्या घेतलेले बोटाच्या पेराएवढे गोरे साहेब. वाघिणींमध्ये कोळसा म्हणून मोहरी भरलेली. फोडणीला मोहरी संपली की काकू खाली येऊन एक वाघीण रिकामी करायच्या आणि काका दिवसभर "माल चोरीला गेला" म्हणून ओरडत फिरायचे. काकूंचा रेल्वेशी संबंध तेवढाच, असं मी समजत होतो.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर दर रविवारी दुपारी मी काकांकडे जाऊ लागलो. चहा मी करायचा आणि गाडी त्यांनी चालवायची, असा करार. याच काळात काकांना एक नवीन खोड लागली. गाडी शेवटच्या स्टेशनात पोचली की इंजिन सुटून मागच्या टोकाला लागायचं, म्हणजे गाडी परत निघायला तयार. पण काका ती सोडायचे नाहीत. चार प्रवासी डब्यांमधला तिसरा, मरून रंगाचा, दोन बोटांनी अलगद उचलायचे, तोंड फिरवून पुन्हा रुळांवर ठेवायचे आणि पुटपुटायचे, "उलट नाही, उलटी नाही." मला ती वर्कशॉपमधली एखादी म्हण वाटायची. एकदा विचारलं, तर म्हणाले, "टेक्निकल आहे. तुला नाही समजायचं." मी सॉफ्टवेअरवाला. चहा ठेवायला गेलो.

आमच्या भागात मॉडेल रेल्वेचा एक क्लब आहे. तिथे सगळ्यांच्या गाड्या अमेरिकन, लांबच लांब. त्यांच्या वार्षिक प्रदर्शनात आपली इंग्लिश गाडी धावावी, म्हणून काका चार वर्षं मागे लागले होते. यंदा एकदाची वीस मिनिटं मिळाली. नीट पार पडली तर दरवर्षीची जागा पक्की. नियम एकच: गाडी सुटली की कुणी हात लावायचा नाही. काका आठवडाभर चाकांना तेल घालत होते. मला दहा वेळा बजावलं, "नितीन, तू शिंकू पण नको."

अठरा मिनिटं दृष्ट लागावी अशी गेली. पोरंटोरं टाळ्या वाजवत होती. गाडी शेवटच्या स्टेशनात आली, इंजिन मागे गेलं. आता फक्त परत यायचं. काकांचा हात बटणावर होता. तो बटणावरून निघाला आणि सरळ मरून डब्याकडे गेला.

"नो हँड्स, सर!" क्लबचे अध्यक्ष ओरडले. काकांनी डबा फिरवला, सावकाश जागेवर ठेवला आणि मगच गाडी सोडली. जागा अर्थातच गेली.

परतताना मी कार चालवत होतो आणि चिडलो होतो. "काका, चार वर्षं घासलीत! दोन मिनिटं हात आवरता आला नाही?"

काकांनी मांडीवरच्या खोक्यातून तो डबा काढून माझ्यापुढे धरला. "गाडी बाजूला घे. डब्याच्या खिडकीतून आत पाह्य."

मी गाडी थांबवून पाहिलं. आत जांभळ्या साडीतली पेराएवढी बाई बसली होती. कपाळावर टिकली, हातात कप.

"तुझी काकू आहे. इंग्लंडात दर रविवारी आम्ही रेल्वेनं फिरायला जायचो. उलटं बसलं की तिला उलटी व्हायची. गर्दीत गोऱ्यांना एक्स्क्यूज मी म्हणून तिच्यासाठी सुलटी जागा मागायचं काम माझं. इंग्रजी मी तेवढ्यासाठीच शिकलो म्हण ना." मग डबा खोक्यात ठेवत म्हणाले, "क्लबचं काय, पुढच्या वर्षी पाहू. तिला एवढ्या लोकांसमोर कशी उलटी बसवू?"

तीन वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून चहा पीत होतो आणि एकदाही त्या खिडकीत डोकावलो नव्हतो. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या रविवारी गाडी शेवटच्या स्टेशनात आली, तेव्हा काका बशीत चहा ओतत होते. मीच हात पुढे केला आणि मरून डबा उचलला.

"हळू रे," काका बशी खाली ठेवत म्हणाले, "तिच्या हातात चहा आहे."