चौथ्या पुळणीची स्वारी

श्री सागर साक्ष. घडले तितके लिहिले, पदरचे घातले नाही. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य एकादशी, ते दिवशीचे वर्तमान ऐसे जे:

समुद्रकाठी एक राज्य होते. त्या राज्यात वाळूच्या पुळणी चार होत्या, आणि देशोदेशीचे लोक हवा खावयास तेथे येत. पहिली पुळण सपाट, गाडी थेट वाळूपर्यंत जाई, तेथे उंट, घोडे आणि भाड्याच्या खाटा. दुसरी एका मोठ्या हॉटेलाच्या कुंपणामागे, मनगटास पिवळी पट्टी असेल त्यासच आत सोडीत. तिसरी खाडीपलीकडे, होडीने जावे लागे. चौथी धाकटी पुळण काळ्या कातळांच्या आड होती आणि ओहोटीस कातळ उघडे पडले तरच पायी जाता येई. तिजला सरकारने पाटी लाविली नव्हती. घाटावरचे सुभानजी कडू दर साली कुटुंबासह या राज्यात येत. कुटुंबाचे नाव चिमाबाई, त्यांचे माहेर याच गावचे. बाई दर साली म्हणत, "एकदा धाकट्या पुळणीवर चला हो." आणि सुभानजी दर साली म्हणत, "वाट वाईट आहे, पुढल्या साली बघू." मग पहिल्या पुळणीवर खाट घेऊन पेपर वाचीत बसत. बाई म्हणत, "एकटी जायचं असतं तर कधीच गेले असते. तुम्ही बरोबर हवे." ऐसी बावीस साले गेली आणि तेविसावे साली बाई वारल्या. एकादशीस गेल्या, म्हणून लोक म्हणाले, भाग्याचे मरण. सुभानजींस ते भाग्य कोठे दिसले नाही. वर्ष भरले, तेव्हा मनाशी ठरविले की तिच्या तिथीस धाकट्या पुळणीवर पाय ठेवायचा, तो न ठेविता घरी परतायचे नाही.

मग एकटेच लाल गाडीने निघाले आणि भल्या सकाळी राज्यात उतरले. नाक्यावर सरकारी चौकी होती, तेथे कारकून अनंतराव रेगे चहा पीत बसले होते. पुळण कोणती घ्यावी हे पाहुण्यांस सांगणे हेच त्यांचे काम. रेगे बोलिले, "आजोबा, पहिली घ्या. सपाट आहे, खाट आहे, गोळेवाला आहे. तुमच्या गुडघ्यांना तीच बरी." सुभानजी म्हणाले, "मला चौथी पाहिजे." रेगे म्हणाले, "चौथीला पाटी कुठंय? पाटी नाही म्हणजे आमच्याकडे ती पुळणच नाही. बुडालात तर नाव कुठल्या पुळणीवर लिहू?" सुभानजी कातळांच्या वाटेस लागले. त्यांजपाशी आपला हिशेब तयार होता. चिमाबाई मासळी वाळत घालताना नेहमी म्हणत, "तिथीची पाऊणपट." पाण्याची वेळ काढण्याचा तो गुणाकार सुभानजींस बसल्या बसल्या पाठ झाला होता. एकादशी म्हणजे अकरा, अकराची पाऊणपट सव्वाआठ. तेव्हा सव्वाआठास कातळ उघडे पडणार, ऐसे धरून ते वेळेवर हजर झाले.

पाहतात तो कातळ नाहीतच. पाणी काठच्या दगडी गडग्यास टेकले आहे आणि लाटा वाटेवर फुटताहेत. सुभानजींनी घड्याळ पाहिले, पुन्हा पाणी पाहिले, आणि वहाणा हातात घेऊन पाय घालू लागले. तोच मागून हाक आली, "ओ बाबा! जीव जड झालाय काय?" सोनकी नावाची गावची खारवीण टोपली घेऊन उभी होती. सुभानजी म्हणाले, "आज एकादशी. पाऊणपट केली. सव्वाआठला रस्ता उघडायला हवा." सोनकी हसली. "पाऊनपट बरूबर केलीत. पन ती भरतीची! सव्वाआठाला पानी पुरं भरतं, बाबा. कोनी शिकवलं?" सुभानजी म्हणाले, "कुटुंबानं." "मग तिनं अर्धंच सांगितलं?" सुभानजी म्हणाले, "नाही. तिनं सगळं सांगितलं असणार. मी अर्धं ऐकलं." सोनकीचे हसणे तेथेच राहिले. ती म्हणाली, "दोनाच्या सुमाराला वाट उघडंल. आज भांगाचं पानी, फार सरत न्हाय, घटकाभरच वाट. तवर बसा. मी पन जानार हाय."

मग सुभानजी गडग्यावर बसले. उपास होता, पाणी तेवढे प्याले. ऊन चढले आणि पाणी उतरू लागले, आणि दोनास कातळांची पाठ दिसू लागली. सोनकी पुढे आणि सुभानजी मागे, शेवाळावरून हात टेकीत, गुडघा सोलवटून, पलीकडे उतरले. पाहतात तो पुळण जेमतेम चाळीस पावलांची. एक वाकडे उंडिणीचे झाड, चार शिंपले, आणखी काही नाही. सुभानजींनी विचारले, "इथं आहे तरी काय?" सोनकी टोपली ठेवून वाळूत पाय पसरून बसली. म्हणाली, "काय न्हाय. बायका येऊन बसतात. इथवर घरची हाक ऐकू येत न्हाय. चूल न्हाय, सासू न्हाय. माझी आय पन यायची." सुभानजी म्हणाले, "आणि नवरे? नवऱ्यांना आणतात कोणी?" सोनकी मोठ्याने हसली. "नवऱ्याला कशाला आनतील, बाबा? त्याच्यापासून सुटायला तर येतो! नवऱ्याला हितं आनलेली बाय मी उभ्या जन्मात बघितली न्हाय."

सुभानजींनी ते ऐकिले आणि खाली वाळूत बसले. सोनकीने विचारले, "काय झालं?" सुभानजींनी शेजारी एका माणसापुरती वाळू हाताने सारखी केली. मग पाणी फिरले आणि सोनकीने दोनदा उठा म्हटले. तिसऱ्यांदा तिने दंडास धरून उठविले आणि कातळांवरून माघारी आणिले.

येणेप्रमाणे चौथ्या पुळणीची हकीकत. राज्यात पुळणी चार, सरकार तीन धरिते. चौथीची वाट दर ओहोटीस उघडते, आणि चिमाबाईंनी ती एका माणसासाठी बावीस साले मागितली होती. सुभानजी संध्याकाळच्या गाडीने घाट चढले. लिहिणे इतकेच.